खेळण्यामागचे हात

हे भाषण रेडिओवर झालं तेव्हा सुरुवातीलाच मी खिशातून एक वस्तू काढली, मायक्रोफोनसमोर धरली आणि तिचं झाकण उघडलं. रातकिडा आणि चिमणी यांनी एकाच दमात सूर लावावा, तसा एक आवाज आला. छापील पानावर तो आवाज आणता येत नाही. पण आज मला सांगायचं आहे ते त्या आवाजाबद्दलच, आणि तो माझ्या तळहातापर्यंत कसा पोचला त्याबद्दल.

ती वस्तू म्हणजे एक खेळणं आहे. काळ्या प्लॅस्टिकची डबी, साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी. वर सोनेरी जाळीचं झाकण. झाकण उघडलं की आत दिवे लुकलुकतात आणि तो आवाज येतो. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेतल्या अंतराळवीरांकडे बोलण्यासाठी जे यंत्र असे, त्याची ही प्रतिकृती. अशी पाचसात खेळणी माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहेत. घरी येणारा पाहुणा आधी पुस्तकांकडे पाहतो, मग या वस्तूंकडे पाहतो, आणि मग माझ्याकडे जरा काळजीनं पाहतो.

ही मालिका मी प्रथम पाहिली ती दूरदर्शनवर. १९८० च्या दशकात रविवारी सकाळी ती लागायची. आमच्या घरी टीव्ही नव्हता. शेजाऱ्यांच्या ओटीवर आम्ही पंधरावीस पोरं सतरंजीवर दाटीवाटीनं बसायचो. संवाद इंग्रजीत, तेही अमेरिकन. दहातले आठ शब्द डोक्यावरून जायचे. पण नायकानं मनगटाला झटका देऊन ती डबी उघडली आणि तो किलबिलाट झाला, की सगळ्यांना बरोबर कळायचं, आता हा वर फिरणाऱ्या यानाशी बोलणार. भाषा कळली नाही तरी आवाज कळत होता. दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही कंपासपेट्या तशाच झटक्यानं उघडायचो. पेन्सिली आणि कर्कटक जमिनीवर पडायचे.

पुढे बऱ्याच वर्षांनी, १९९० च्या दशकात, कुवेतहून आलेल्या मामूंनी माझ्या भाच्यासाठी खेळण्यांची पिशवी आणली. तिच्यात हे निघालं. भाच्याला मालिका ठाऊक नव्हती. त्यानं ते दोनदा उघडलं, मिटलं आणि मोटारीकडे वळला. मी ते उचललं. मी तेव्हा बी.ए. होऊन नोकरीला लागलेला, मासिकांतून कविता छापून येणारा माणूस. मामू म्हणाले, “अरे, तुझ्यासाठी घड्याळ आणलंय, ते पोराचं राहू दे.” मी घड्याळ भाच्याला देऊ केलं. सौदा पुरा झाला. माझ्या संग्रहाची सुरुवात अशी एका पोराला फसवून झाली, हे मान्य करतो.

मग एक चूक झाली, आणि ती माझीच. खेळणं कपाटात ठेवताना मी आतले सेल काढले नाहीत. काही वर्षांनी झाकण उघडलं तर ना दिवा, ना आवाज. सेलची खाच उघडली तर पांढरी, खरखरीत बुरशीसारखी पूड. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. सेल जुना झाला की ते पाझरतं, हवेत वाळून त्याची पांढरी पूड होते आणि स्प्रिंगा, पत्र्याच्या पट्ट्या, तारा खात जाते. मी ते आमच्या गावातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे नेलं. त्यांनी व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या बोळ्यानं पूड पुसली, पट्ट्या घासल्या, तुटलेली एक तार डाग देऊन जोडली. आतल्या हिरव्या पट्टीवर एक काळा, डांबराच्या थेंबासारखा ठिपका होता. त्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “भाई, आवाज याच्या पोटात आहे. हा गेला असता तर मी काही करू शकलो नसतो.” नवे सेल घातले. रातकिडा बोलला. ते हसले, डबी दोनदा उघडून मिटून पाहिली, आणि त्यांनी विचारलं, “हे डोकं कुणाचं हो?”

मला उत्तर देता आलं नाही. कंपनीचं नाव मागं छापलेलं होतं, पण त्यांचा प्रश्न तो नव्हता. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू उघडून पाहिल्या, त्या माणसाला त्यामागचा हात कुणाचा हे जाणून घ्यायचं होतं. त्या प्रश्नापासून माझा छंद बदलला. मी वस्तूंबरोबर नावंही गोळा करू लागलो.

‘स्टार ट्रेक’चा पहिला भाग अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी दाखवला गेला. नाटकवाल्यांच्या भाषेत ज्याला ‘प्रॉपर्टी’ म्हणतात, ती म्हणजे पात्रांच्या हातातल्या वस्तू, या मालिकेत नव्यानं घडवणं भाग होतं. ऐतिहासिक नाटकाला तलवार लागली तर ती भाड्यानं मिळते. तेविसाव्या शतकातलं यंत्र कुठून आणणार? आणि पैसे तर बेताचे. त्यामुळे कुठंकुठं जुगाड झाला. जहाजावरचा डॉक्टर रोग्याच्या अंगावरून जी चकचकीत उपकरणं फिरवतो, त्यांतली काही मुळात मिठाच्या डब्या होत्या. एका भागासाठी वेगळ्या घाटाच्या मीठदाण्या आणल्या गेल्या, पण त्या इतक्या वेगळ्या दिसत होत्या की प्रेक्षकाला मीठदाणी म्हणून ओळखू आल्या नसत्या. मग त्या डॉक्टरच्या हातात गेल्या. जेवणाच्या टेबलावर नापास झालेली वस्तू दवाखान्यात पास झाली.

पण मुख्य वस्तू घडवल्या त्या वाह मिंग चँग या माणसानं. जन्म १९१७, होनोलुलू. आईवडील चिनी वंशाचे. लहानपणापासून चित्रकलेत इतका पुढे की पोरवयातच त्याच्या चित्रांचं कौतुक झालं होतं. पुढे डिस्नेच्या स्टुडिओत त्यानं ‘पिनोकियो’ आणि ‘बँबी’ या चित्रपटांसाठी नमुने घडवले. चित्रकारांना हालचालींचा अभ्यास करता यावा म्हणून सांध्यांत हलणारं हरिण त्यानं बनवलं. ऐन तारुण्यात पोलिओ झाला. त्यानंतर पायांना आधारपट्ट्या लावून तो आयुष्यभर चालला. एकीकडे हरणाच्या पायांचे सांधे घडवणारा आणि दुसरीकडे स्वतःच्या पायांना आधारपट्ट्या बांधणारा हा माणूस.

चँगनी ‘स्टार ट्रेक’साठी ती बोलण्याची डबी घडवली. खांद्याला पट्ट्यानं अडकवायचं ‘ट्रायकॉर्डर’ हे मोजमापाचं यंत्र घडवलं. पाली-सरड्यासारखा ‘गॉर्न’ हा परग्रहवासी आणि आणखी काही प्राणी घडवले. जवळून चित्रण करायच्या डबीत एक गोल चकती फिरताना दिसते आणि तिच्यावर रेषांची जाळी लहरत जाते. ती चकती फिरवण्यासाठी आत स्टॉपवॉचचं यंत्र बसवलेलं होतं. म्हणजे तेविसाव्या शतकातलं यंत्र चावीवर चालत होतं! मागच्या रांगेतल्या नटांच्या हातांत ज्या डब्या असत, त्या तर निव्वळ पोकळ ठोकळे.

एवढं करून मालिकेच्या श्रेयनामावलीत चँग यांचं नाव नाही. कारण कलेचं नव्हे, कागदाचं. स्टुडिओतल्या वस्तू घडवण्याचा हक्क तिथल्या कामगार संघटनेच्या सदस्यांचा होता आणि चँग त्या संघटनेत नव्हते. वाद झाला. त्यातून वाट अशी काढली गेली की चँगनी या वस्तू आपल्या मनानं आधीच बनवल्या होत्या आणि स्टुडिओनं त्या बाजारातून तयार माल घ्यावा तशा विकत घेतल्या, असं ठरलं. संघटनेला दोष देऊन मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. सदस्यांची रोजीरोटी राखणं हे तिचं कामच होतं. पण या तडजोडीची किंमत एका नावानं मोजली. जी वस्तू ‘तयार माल’ ठरली, तिला कर्ता नसतो. त्याआधी ‘द टाइम मशीन’ या १९६० च्या चित्रपटाच्या दृश्यचमत्कारांना ऑस्कर मिळालं, तेव्हाही त्या कामात सहभागी असलेल्या चँग यांचं नाव पारितोषिकावर नव्हतंच.

आणि आवाज? ती डबी मुळात मुकी होती. चित्रण करताना नट झाकण उघडायचा आणि काहीच ऐकू यायचं नाही. किलबिलाट नंतर भरला जायचा. त्या मालिकेच्या ध्वनिसंकलकांत डग ग्राइंडस्टाफ, जोसेफ सोरोकिन, जॅक फिनले ही नावं येतात. म्हणजे सतरंजीवर बसून आम्ही जी वस्तू पाहत होतो, ती एका जागी अस्तित्वातच नव्हती. तिचं शरीर चँगच्या कार्यशाळेत, आवाज ध्वनिफितीवर, आणि जीव आमच्या डोक्यात. या तिन्ही गोष्टी एकाच डबीत पहिल्यांदा आल्या त्या खेळण्यात. प्रतिकृती ही मुळाची नक्कल असते असं आपण म्हणतो. इथं उलट झालं. मूळ वस्तू जे करण्याचं सोंग करत होती, ते तिची प्रतिकृती खरोखर करू लागली.

पण त्याला वेळ लागला. सुरुवातीची खेळणी केवळ नावापुरती होती. मालिका चालू असताना, १९६७ च्या सुमारास, अमेरिकेत रेमको या कंपनीनं जी खेळणी काढली त्यांचा पडद्यावरच्या वस्तूंशी फारसा संबंध नव्हता. शिरस्त्राण, चिलखती गाडी असा नेहमीचा माल, वर मालिकेचं नाव. मालिका ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. तिची खरी लोकप्रियता सुरू झाली ती त्यानंतर. ठिकठिकाणच्या स्थानिक वाहिन्या जुने भाग पुन्हापुन्हा दाखवू लागल्या, शाळेतून आलेली मुलं ते पाहू लागली. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचं पहिलं मोठं संमेलन भरलं. आता बाजाराला जाग आली. १९७० च्या दशकाच्या मध्यास मेगो या कंपनीनं निळ्या प्लॅस्टिकच्या डब्यांची जोडी काढली. त्या डब्या म्हणजे खरीखुरी वॉकीटॉकी होती. या खोलीतला मुलगा त्या खोलीतल्या मुलाशी बोलू शकत होता. त्याच कंपनीचा ट्रायकॉर्डर तर खराखुरा कॅसेट रेकॉर्डर होता. रंग चुकीचा, आकार ढोबळ. पण वस्तू काम करत होती.

१९७५ मध्ये फ्रान्झ जोसेफ यांचं एक पुस्तक आलं. त्यात यानाचे, गणवेशांचे, हत्यारांचे मापांसह आराखडे होते, जणू या वस्तू कुठल्या तरी कारखान्यात खरोखर बनत आहेत. त्यामुळे एक नवा प्राणी जन्माला आला : मापं घेणारा चाहता. चित्रफितीची एकेक चौकट थांबवून, नटाच्या बोटांच्या मानानं डबी किती रुंद, जाळीला भोकं किती, याची तो मोजणी करू लागला. आपल्याकडे पोथीतल्या पाठभेदांवर वाद व्हावेत, तसे या मंडळींत बटणांच्या रंगावरून वाद होतात. मला सुरुवातीला हसू यायचं. आता येत नाही. कारण बारकाव्यांच्या मागं लागलेली ही मंडळी ‘हे बनवलं कुणी’ या प्रश्नापाशी आपोआप पोचली. वस्तू अचूक करायची तर ती घडवणाऱ्याला शोधून काढावं लागतं. श्रेयनामावलीत नसलेले वाह चँग चाहत्यांना ठाऊक झाले ते या वाटेनं. २००३ च्या डिसेंबरात ते वारले, तेव्हा मृत्युलेखांत ‘स्टार ट्रेक’च्या वस्तू घडवणारे म्हणून त्यांची ओळख होती.

नावांच्या बाबतीत उलटा गोंधळही होतो. मोबाइल फोनची कल्पना या डबीवरूनच सुचली, असं सर्रास सांगितलं जातं. १९७३ मध्ये हातातल्या फोनवरून पहिला कॉल करणारे मोटोरोलाचे मार्टिन कूपर यांच्या नावावर ती गोष्ट खपवली जाते. पण कूपर यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं की आपली प्रेरणा त्याहून जुनी, डिक ट्रेसी या चित्रकथेतला मनगटावरचा रेडिओ. १९९६ चा मोटोरोलाचा उघडमीट करणारा ‘स्टारटॅक’ फोन मात्र त्या डबीची आठवण करून देतो, नावापासूनच. श्रेय काढून घेणं जितकं वाईट, तितकंच नसलेलं श्रेय चिकटवणंही.

आता ब्रिटनकडे वळू, कारण या कहाणीचा दुसरा धडा तिथं आहे. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. महिन्याभरात तिच्यात ‘डॅलेक’ आले : मिरीदाणीसारख्या आकाराचे, अंगभर अर्धगोल असलेले, घसरत चालणारे क्रूर यंत्रजीव. पोरांना त्यांनी वेड लावलं. १९६४-६५ मध्ये डॅलेकची खेळणी दुकानांत आली. लुई मार्क्स कंपनीचा डॅलेक तर सेलवर चालायचा. डॅलेकची कल्पना लेखक टेरी नेशन यांची. ते बाहेरचे लेखक होते, त्यामुळे हक्कांत त्यांचा वाटा राहिला आणि खेळण्यांच्या विक्रीतून त्यांना भरपूर पैसा मिळाला. पण डॅलेक दिसतो कसा, हे ठरवलं रेमंड क्युसिक यांनी. ते बीबीसीचे पगारी नोकर. खरं तर ते काम आधी रिडली स्कॉट या तरुण सहकाऱ्याकडे जायचं होतं, जे पुढे मोठे चित्रपट दिग्दर्शक झाले. त्यांना ते जमलं नाही म्हणून क्युसिककडे आलं. डॅलेक प्रत्यक्ष बांधले अक्सब्रिजच्या शॉक्राफ्ट या कार्यशाळेनं. नोकरीत केलेल्या कामाचे हक्क मालकाचे, या न्यायानं क्युसिकना खेळण्यांच्या विक्रीतला वाटा मिळाला नाही. मिळाले ते खुशीचे म्हणून १०० पौंड, आणि ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमाचा सोनेरी बिल्ला. २०१३ मध्ये ते वारले. जगभरच्या मुलांनी हातात घेतलेला तो आकार त्यांचा होता.

याच मालिकेतल्या कालयानाचा, ‘टार्डिस’चा, घरघरणारा आवाज बीबीसीच्या ध्वनिकार्यशाळेतल्या ब्रायन हॉजसन यांनी घडवला. जुन्या पियानोच्या जाड तारांवर त्यांनी आईच्या घराची किल्ली घासली, आणि ते ध्वनिमुद्रण फितीवर उलटसुलट करून, प्रतिध्वनी चढवून त्यातून विश्व ओलांडणाऱ्या यंत्राचा आवाज काढला. आज बाजारात मिळणाऱ्या खेळण्यातल्या टार्डिसची कळ दाबा. हॉजसन यांच्या आईच्या घराची किल्लीच तुम्हाला ऐकू येते. त्याच कार्यशाळेत डेलिया डर्बीशायर यांनी रॉन ग्रेनर यांची शीर्षकधून फितीचे तुकडे जोडजोडून साकार केली. ग्रेनर यांची इच्छा होती की श्रेय दोघांना मिळावं. संस्थेच्या नियमात ते बसलं नाही. डेलियाबाई २००१ मध्ये गेल्या. पडद्यावर त्यांचं नाव त्या धुनेसाठी प्रथम आलं ते २०१३ मध्ये, मालिकेच्या पन्नाशीच्या खास भागात.

खेळण्यात आवाज कोंडायची युक्तीही याच काळात बदलत गेली. १९७५ मध्ये पॅलिटॉय कंपनीनं ब्रिटनमध्ये बोलणारा डॅलेक काढला, १९७८ मध्ये के-नाइन हा बोलणारा यांत्रिक कुत्रा. दोघांच्याही पोटात चिमुकली तबकडी होती. कळ दाबली की सुई तिच्यावर फिरायची. आपल्या जुन्या ग्रामोफोनचं ते बाळच. पण त्याच १९७८ मध्ये अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं ‘स्पीक अँड स्पेल’ हे मुलांना स्पेलिंग शिकवणारं खेळणं आणलं. त्यात तबकडी नव्हती, फीत नव्हती. सिलिकॉनचा एक तुकडा बोलत होता. पुढच्या दहापंधरा वर्षांत असे तुकडे इतके स्वस्त झाले की साध्या खेळण्यातही बसू लागले. आवाजाचे आकडे करून चिपमध्ये कायमचे कोरायचे, चिप उघडीच पट्टीवर चिकटवायची आणि वरून काळ्या राळेचा थेंब सोडायचा. आमच्या कारागिरांनी बोट दाखवलेला काळा ठिपका तो हाच. १९९२ पासून प्लेमेट्स या हाँगकाँगच्या कंपनीनं ‘स्टार ट्रेक’ची खेळणी काढली, तेव्हा तुलनेनं माफक किमतीत दिवा आणि आवाज दोन्ही मुलाच्या हातात आले. योगायोग असा की ही कंपनीही १९६६ मध्येच सुरू झालेली.

इथं एक गंमत सांगायलाच हवी. १९७३ मध्ये ‘डॉक्टर हू’च्या एका कथेत दहा हजार डॅलेकची फौज दाखवायची होती. बीबीसीकडे पूर्णाकृती डॅलेक मोजकेच. मग काय केलं? लुई मार्क्स कंपनीचे खेळण्यातले डॅलेक आणले, छोट्या गुहेत ओळीनं मांडले आणि त्यांचं चित्रण केलं. प्रॉपर्टीवरून खेळणं झालं होतं; आता खेळणंच प्रॉपर्टी झालं. मूळ कोणतं आणि नक्कल कोणती, या वादात मी यानंतर पडत नाही.

खेळण्यांशी खेळलेली मुलं मोठी झाली, कमावती झाली, आणि बाजार त्यांच्यामागं गेला. २००५ मध्ये ‘डॉक्टर हू’ पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्यातल्या ‘सॉनिक स्क्रूड्रायव्हर’चं दिवा-आवाजवालं खेळणं मुलांइतकंच त्यांच्या बापांनीही घेतलं. २००६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला क्रिस्टीज या संस्थेनं ‘स्टार ट्रेक’च्या हजाराहून जास्त वस्तूंचा लिलाव केला. यानाची एक प्रतिमा ५,७६,००० डॉलरला गेली. ज्यांना मूळ वस्तू परवडत नाही, त्यांच्यासाठी प्रतिकृती अधिकाधिक अचूक होत गेल्या. इंग्लंडच्या ‘द वाँड कंपनी’नं मालिकेतल्या ‘फेझर’ या हत्याराची प्रतिकृती २०१४ मध्ये काढली, तीही चित्रणात वापरलेल्या मूळ वस्तूचं यंत्रानं मापन करून. ती टीव्हीचा रिमोट म्हणून चालते. २०१६ मध्ये त्यांनी ती बोलण्याची डबी काढली. ती ब्लूटूथनं मोबाइलला जोडता येते. झटक्यानं झाकण उघडायचं आणि खरोखर बोलायचं. पन्नास वर्षांनी ती डबी खरी झाली.

संग्राहकांत एक मोठा वाद आहे : खोकं उघडावं की नाही? सीलबंद खोक्याला किंमत जास्त. त्यामुळे अनेकजण खेळणं कधीच बाहेर काढत नाहीत. पण दिवा-आवाजाच्या खेळण्यांत बरेचदा दुकानात कळ दाबून पाहता यावी म्हणून सेल आधीच घातलेले असतात. मग होतं काय, बाहेरून कोरं करकरीत खोकं, आणि आत वर्षानुवर्षं सेल पाझरत राहतो. ज्यानं जपण्यासाठी उघडलं नाही, त्याचंच खेळणं आतून कुजतं. ज्याच्या घरी पोरांनी ते उघडलं, आपटलं, ज्याचे सेल बदलले गेले, ते ओरखड्यांसकट बोलत राहतं. हा मला केवळ खेळण्यांचा नियम वाटत नाही. भाषेचं आणि कवितेचंही असंच होतं. पण तो विषय आज नको.

मला शेवटी नावांकडेच यायचं आहे. आपल्या अभंगांत शेवटच्या चरणात कवी आपलं नाव गुंफतो. तुका म्हणे, जनी म्हणे. श्रीगोंद्याचे शेख महंमदही आपल्या रचनांत अशीच नाममुद्रा ठेवतात. गझलेच्या शेवटच्या शेरात शायर आपलं तखल्लुस आणतो. छापखाना नव्हता, स्वामित्वहक्काचे कायदे नव्हते, तरी कर्त्याचं नाव रचनेतच विणलेलं असल्यामुळे ते शेकडो वर्षं टिकलं. दळताना ओवी गाणारी बाई ‘जनी म्हणे’ गात राहिली आणि जनाबाई जगली. वस्तू घडवणाऱ्याला ही सोय नाही. डबीच्या शेवटच्या चरणात कुणी ‘चँग म्हणे’ लिहीत नाही. खेळण्याच्या तळाला कंपनीचं नाव, मालिकेच्या मालकाचं नाव आणि ‘मेड इन चायना’ एवढंच असतं. त्या शेवटच्या तीन शब्दांमागं तर किती हात आहेत! दिवसभर काळे थेंब सोडणारे, तारा डागणारे, सोनेरी जाळ्या बसवणारे. त्यांची नावं शोधायला तर चाहत्यांचा कुठलाच मेळावा भरलेला नाही.

आमचे ते कारागीर आता हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन मी एकदा त्यांच्याकडे गेलो होतो. वाह चँगची गोष्ट त्यांनी पूर्ण ऐकून घेतली. पोलिओचं ऐकून हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “म्हणजे कामाला नाव नाही, पण काम बोलतंय.” मी म्हटलं, “बोलतंय, ते तुमच्यामुळे.” त्यावर त्यांनी नुसता हात हलवला.

माझा भाचा आता स्वतः बाप आहे. गेल्या ईदला त्याची मुलगी कपाटापाशी उभी राहून म्हणाली, “दादाजी, हे उघडू?” मी डबी तिच्या हातात दिली. तिच्या बापाकडून घेतलेली वस्तू व्याजासकट परत केली, असं म्हणा. सेल मात्र काढून वेगळ्या पुडीत दिले आणि तिला बजावलं, खेळून झालं की काढून ठेवायचे. खोक्यात एक चिठ्ठीही ठेवली आहे. तीत लिहिलं आहे : ही डबी वाह मिंग चँग यांनी घडवली. हिच्या आवाजामागं ग्राइंडस्टाफ, सोरोकिन आणि फिनले यांचे कान आहेत. चीनमधल्या कामगारांनी हिच्यात तो आवाज कोंडला. आणि खाली, आमच्या गावच्या त्या रेडिओ कारागिरांचं पूर्ण नाव, गल्लीच्या पत्त्यासकट. ते मी इथं सांगत नाही. ती चिठ्ठी उघडणाऱ्यासाठी आहे.

आपल्याही घरात एखादं जुनं खेळणं, एखादा रेडिओ, एखादी शिवणयंत्राची पेटी असेल. ती दुरुस्त करणाऱ्याचं, बनवणाऱ्याचं नाव ठाऊक असेल तर लिहून आत ठेवा. सेल असतील तर तेवढे काढून ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)